एका ओळीतले देवगाव रंगारी

मासिकांत परीक्षणे येतात ती बहुधा कथा-कादंबऱ्यांची, फार तर एखाद्या विज्ञानविषयक पुस्तकाची. आज ज्या पुस्तकाचे परीक्षण करायचे आहे त्याला एक असा लेखक नाही, त्यात कथानक नाही आणि त्याच्या मुखपृष्ठाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक महसुली गावासाठी त्यात एक-एक ओळ राखून ठेवलेली असते. त्या ओळीतले आकडे घरोघर फिरून जमवले ते मुख्यतः शिक्षकांनी. पुस्तकाचे नाव 'जिल्हा जनगणना पुस्तिका'. १९५१ पासून जनगणनेनंतर जिल्ह्याजिल्ह्यांच्या अशा पुस्तिका निघत आल्या आहेत. मी येथे घेतली आहे ती २०११ च्या जनगणनेची औरंगाबाद जिल्ह्याची. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. पुस्तिका मात्र जुन्याच नावाने शोधावी लागते.

निमित्त झाले एका प्रश्नाचे. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारी येथील एका शिक्षकाने विचारले की, मुलांना 'आपले गाव' असा प्रकल्प द्यायचा आहे, गावाची विश्वसनीय आकडेवारी कोठे मिळेल? आणि मुलांनीच काढलेला दुसरा प्रश्न : गावाला 'रंगारी' म्हणतात, तर गावात रंगारी किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते आणि दुसऱ्याचे त्याहून सोपे. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरांच्या शोधात या पुस्तिकेचे गुण-दोष एकेक करून समोर आले. माझे मत आधीच सांगतो. गावाविषयी इतके प्रामाणिक आणि इतके सविस्तर दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही. पण ते लिहिले आहे गावाच्या वर बसलेल्यांसाठी. गावातल्या माणसाने ते वाचावे अशी अपेक्षा त्यात कोठे दिसत नाही.

आधी पुस्तिकेची रचना पाहू. तिचे दोन भाग आहेत. 'अ' भागात गावांची व शहरांची सूची : शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, टपाल, बँक, रस्ता, वीज यांपैकी काय आहे, जमिनीचा वापर कसा आहे. एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे तेही दिलेले असते : ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटर, की त्याहून दूर. मला हे अंतराचे रकाने फार आवडतात. 'तालुक्यात माध्यमिक शाळा किती' या आकड्यापेक्षा 'मुलीला आठवीसाठी १० किलोमीटरहून दूर जावे लागणारी गावे कोणती' ही यादी खूप काही सांगते, आणि ती या रकान्यांतून कोणताही शिक्षक दोन तासांत तयार करू शकतो. 'ब' भागात प्राथमिक जनगणना गोषवारा येतो : कुटुंबे, लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे आणि न करणारे. यातले बहुतेक आकडे स्त्री-पुरुष वेगळे करून दिलेले असतात. ज्या गावात आता कोणी राहत नाही अशा बेचिराख गावालाही त्यात त्याची जागा मिळते. या काटेकोरपणाला दाद द्यायलाच हवी.

गाव सापडायला मात्र थोडी मेहनत लागते. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि 'देव' ने सुरू होणारी गावे इंग्रजी कागदपत्रांत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. शिवाय देवगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ. याच जिल्ह्यात पैठण तालुक्यात एक आहे, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात आणखी एक. लोकांनी यावर उपाय जनगणना खात्याच्या कितीतरी आधी काढला होता. बुद्रुक, खुर्द, रंगारी ही शेपटे म्हणजे जुने सांकेतिक क्रमांकच. जनगणनेने त्यांच्या जागी अंक आणले. २०११ मध्ये महाराष्ट्राचा क्रमांक २७, औरंगाबाद जिल्ह्याचा देशाच्या यादीत ५१५ आणि प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक. राज्यापुरत्या यादीत हा जिल्हा एकोणिसावा. तुमची शाळा या जिल्ह्यात असेल तर तिच्या अकरा अंकी यू-डायस क्रमांकाकडे पाहा. पहिले चार अंक २७१९ हेच आहेत. गंमत अशी की पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर महाराष्ट्राची 'मालिका २८' छापलेली असते, कारण मालिका १ संपूर्ण भारतासाठी राखलेली आहे. नाव बदलले, स्पेलिंग बदलले, तरी क्रमांकाने गाव सापडते. म्हणून मुलांना पहिला पाठ द्यायचा तो गावाचा क्रमांक वहीत लिहून ठेवण्याचा.

गावाच्या ओळीपाशी पोचल्यावर खरे वाचन सुरू होते.

प्रथम 'गाव' म्हणजे काय? पुस्तिकेचे गाव हे महसुली गाव असते. तलाठ्याच्या दप्तरातली त्याची हद्द आणि ग्रामपंचायतीची हद्द एकच असेल असे नाही. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असतात. उलट एका महसुली गावाच्या शिवारात मूळ गावठाण, दोन वाड्या, एक तांडा आणि शेतांतल्या वस्त्या असे सगळे येते. पुस्तिकेत त्या सर्वांची मिळून एकच ओळ. गावठाणात नळ आणि तांड्यावर हातपंपही नाही अशी स्थिती असली, तरी रकान्यात 'नळाचे पाणी : आहे' असे दिसणार. कन्नड तालुक्यात तांडे आणि वाड्या भरपूर आहेत, त्यामुळे हा दोष येथे किरकोळ राहत नाही.

मग साक्षरता. वर्तमानपत्रांत महाराष्ट्राची २०११ ची साक्षरता ८२.३४ टक्के अशी येते. आता पुस्तिकेतला साक्षरांचा आकडा घेऊन त्याला एकूण लोकसंख्येने भागले तर हे उत्तर येत नाही. राज्यात साक्षर ८,१५,५४,२९० आणि लोकसंख्या ११,२३,७४,३३३; भागाकार ७२.५७ टक्के. दहा टक्के कोठे गेले? उत्तर छेदात आहे. १९९१ पासून साक्षरतेचा दर काढताना सात वर्षांखालील मुले वगळतात. अशी १,३३,२६,५१७ मुले वजा करून पुन्हा भागा, ८२.३४ मिळेल. आपल्या गावाची साक्षरता एकूण लोकसंख्येने भागून काढायची आणि ती राज्याच्या छापील आकड्याशी ताडायची, ही चूक मी अनेक प्रकल्पवह्यांत पाहिली आहे. त्यात गाव उगाचच दहा टक्क्यांनी मागासलेले ठरते. ज्या गावात लहान मुले जास्त, ते अधिकच. पुस्तिकेने गावाच्या ओळीत हा दर काढूनच दिला असता तर एक रकाना वाढला असता, इतकेच.

कामाच्या रकान्यांतही अशीच गोम आहे. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केले ते 'मुख्य' काम करणारे, त्याहून कमी केले ते 'सीमांतिक'. बाईने वर्षभर शेतात खुरपले, गुरे सांभाळली, आणि घरच्या पुरुषाने 'ती घरीच असते' असे सांगितले की ती 'काम न करणारी' ठरते. प्रगणक म्हणून दारात उभे राहिलेल्या शिक्षकाने एक प्रश्न जास्तीचा विचारला की नाही, यावर या रकान्याची सत्यता अवलंबून असते. २०११ च्या ओळी आता बदलत नाहीत, पण पुढच्या वेळी हे आपल्या हातात आहे.

फेब्रुवारीत गाव कोठे असते?

आता ज्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त रेंगाळणार आहे त्याकडे येतो. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ ते ५ मार्च दरम्यान फेरतपासणी. संदर्भवेळ १ मार्चच्या आरंभीची मध्यरात्र. नियम असा की, माणूस नेहमी जेथे राहतो तेथे या वीस दिवसांत एकदा तरी असेल तर तो त्या घरात मोजायचा. पण या संपूर्ण काळात तो बाहेर असेल तर त्याला घरी मोजायचे नाही, तो जेथे सापडेल तेथे मोजायचे. नियम तर्कशुद्ध आहे, त्यामुळे एक माणूस दोनदा मोजला जात नाही.

पण महाराष्ट्रात फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. बीड जिल्ह्यातून फार मोठ्या प्रमाणावर, आणि कन्नड तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांतूनही, मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या कारखान्यांकडे जातात. मोजमापाचे एकक 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बरोबर लहान मुले जातात, म्हातारी माणसे आणि मोठी मुले मागे राहतात. ही जोडी वीसही दिवस उसाच्या फडात असते. नियमाप्रमाणे तिची नोंद कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर व्हायला हवी. ती तेथे झाली तर जिल्ह्याच्या बेरजेत ती कोल्हापूर-सांगलीकडे जमा होते. आज या फडात, उद्या त्या फडात असे फिरणाऱ्या टोळीची नोंद राहून गेली तर ती कोठेच जमा होत नाही.

याचा परिणाम ओळीत कसा दिसेल याचा मुलांबरोबर विचार करून पाहा. तांड्याची लोकसंख्या कमी दिसेल. कुटुंबाचा सरासरी आकार घटलेला दिसेल. काम करणाऱ्यांचे प्रमाण कमी येईल, कारण काम करणारी माणसेच बाहेर आहेत. शून्य ते सहा वयाची मुलेही कमी, कारण ती आईबरोबर गेली. आणि या ओळीवरून कोणी अंगणवाडीची गरज ठरवली तर जून ते सप्टेंबर या काळात तेथे प्रत्यक्षात असणाऱ्या मुलांचा हिशेब चुकेल. आकडा खोटा नाही. तो फेब्रुवारीतल्या गावाचा आहे, आणि पावसाळ्यातले गाव वेगळे असते. पुस्तिकेत याची एक ओळीची टीप जरी असती तरी माझी तक्रार निम्मी झाली असती. यावर शाळेच्या हाती चांगला उपाय आहे. हजेरीपटात नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कोण कोण गैरहजर आहे ते पाहिले की स्थलांतराचा अंदाज येतो, आणि ही माहिती कोणत्याही सरकारी ग्रंथात नाही.

जिल्ह्याच्या आकड्यालाही चूक असते

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला एक खोड लागते. आकडा दिसला की तो विचारतो, यात चूक किती? विद्यार्थी असताना मोजमापापुढे 'अधिक-उणे' लिहिले नाही तर आमची वही परत येत असे. जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ अशी एककापर्यंत छापलेली असते. शेवटचा २ पाहून वाटते की एकही माणूस सुटलेला नाही. जनगणना खाते स्वतः मात्र असे मानीत नाही. मोजणीनंतर नमुना भागांत पुन्हा फिरून ते पडताळणी करते, आणि २०११ मध्ये देशात दर हजारी सुमारे २३ माणसे सुटली असे त्या पडताळणीत आढळले. समजा तेच प्रमाण या जिल्ह्याला लावले तर सुमारे ८५ हजार माणसे होतात. शहाणपणाने वाचायचे तर 'सुमारे ३७ ते ३८ लाख' असे वाचावे. इतका महत्त्वाचा आकडा वेगळ्या अहवालात राहतो आणि गावांच्या पुस्तिकेपर्यंत उतरत नाही.

बाललिंग गुणोत्तराच्या बाबतीत चुकीचे वाचन सर्वांत जास्त होते आणि त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. २०११ मध्ये ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली राज्यात ८९४, औरंगाबाद जिल्ह्यात ८५८, बीडमध्ये ८०७ होत्या. (स्पर्धापरीक्षांच्या अनेक पुस्तकांत राज्याचा आकडा ८८३ दिसतो. तो २०११ च्या वसंतात जाहीर झालेला हंगामी आकडा आहे. अंतिम आकडा ८९४. आकडा उतरवताना तो हंगामी की अंतिम हे पाहायची सवय लावायला हवी.) आता कोणी पुस्तिका उघडतो, आपल्या गावाचे गुणोत्तर काढतो, ते ७५० येते आणि गावावर ठपका बसतो. शेजारच्या गावाचे ११०० येते, त्याचा सत्कार होतो. यात कितपत तथ्य आहे?

थोडे गणित करू. जन्माच्या वेळी निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात. समजा एका गावात या वयाची २०० मुले आहेत. अपेक्षेप्रमाणे त्यांत ९७-९८ मुली हव्यात. पण नाणे २०० वेळा उडवले तर बरोबर १०० वेळा छाप पडत नाही. पाच-दहांनी मागेपुढे होतेच. तसेच येथे. कोणीही काहीही गैर केलेले नसताना अशा वीस गावांपैकी एकोणीस गावांत मुलींची संख्या साधारण ८३ ते ११२ यांच्यामध्ये पडेल. गुणोत्तराच्या भाषेत हे ७०९ ते १२७३ होते. म्हणजे ७५० वाले गाव आणि ११०० वाले गाव, दोन्ही केवळ योगायोगाच्या कक्षेत आहेत. मुले २००० असली की ही कक्षा आकसून ८७१ ते १०४१ होते. मुले एक लाख असतील तर ती फक्त ९४० ते ९६४ इतकी अरुंद राहते. जिल्ह्यात ही मुले काही लाखांच्या घरात असतात. तेथे ८५८ किंवा ८०७ आला तर योगायोग हे उत्तर चालत नाही. जन्माआधीची निवड आणि जन्मानंतरची हेळसांड यांकडे बोट दाखवावेच लागते. वर्गात प्रत्येक मुलाला दहा वेळा नाणे उडवायला लावा आणि वीस-वीस मुलांच्या गटांची बेरीज फळ्यावर मांडा. हे सारे पंधरा मिनिटांत पटते.

म्हणजे लहान गावाने याबाबत काहीच बोलू नये का? बोलावे, पण अनेक वर्षांची बेरीज घेऊन. येथे ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही उपयोगी पडेल असे वाटते, आणि तेथेही एक खड्डा आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जन्म जेथे झाला तेथे होते. बाळंतपण कन्नडच्या किंवा शहरातल्या दवाखान्यात झाले तर ते बाळ गावाच्या वहीत नसते. त्यापेक्षा अंगणवाडीताईंची कुटुंबपाहणीची नोंदवही बरी. ती घरातली मुले मोजते, ती कोठे जन्मली ते विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार आकडे २०१९-२१ पर्यंतचे मिळतात, पण ती नमुना पाहणी आहे. जिल्ह्याच्या खाली तिला उतरवता येत नाही, आणि जिल्ह्यालाही तिच्या जन्मगुणोत्तरात बरेच अधिक-उणे धरावे लागते.

सरासरीचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितकी तूट पैशांत मांडायची आणि तिला 'अनुशेष' म्हणायचे, अशी ती पद्धत. एकूण रक्कम ३,१८६.७८ कोटी रुपये निघाली. 'अनुशेष' हा शब्द राजकारणात रुळला तो तेव्हापासून. पद्धत स्वच्छ होती, पण तिचे एकक जिल्हा होते. औरंगाबादसारख्या जिल्ह्यात वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती आणि सोयगाव-कन्नडची डोंगरी गावे एकाच सरासरीत येतात. २०११ मध्ये जिल्ह्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या नागरी होती. जिल्ह्याची सरासरी सुधारली की ती कोणामुळे सुधारली हे ओळ-ओळ वाचल्याशिवाय समजत नाही. यासाठीच ही पुस्तिका वर्षाकाठी निघणाऱ्या 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' यांच्यापेक्षा मला अधिक मोलाची वाटते. ही दोन्ही प्रकाशने अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची, दोन्ही मराठीत मिळतात, ताजीही असतात. पण पहिले जिल्ह्यापाशी आणि दुसरे बहुतेक बाबतींत तालुक्यापाशी थांबते.

जुन्या जनगणनांशी तुलना करणाऱ्यांनी हद्दी तपासाव्यात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झाला, आणि जनगणना त्याआधी दोनच महिने पार पडली होती. हे ध्यानात न घेता १९८१ आणि १९९१ चे आकडे शेजारी ठेवले तर वाटेल की जिल्ह्यावर काही भयंकर संकट कोसळले होते.

जुना झालेला आकडा

आता पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष, जो तिच्या लेखकांचा नाही. ती जुनी झाली आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ची आहे. देवगाव रंगारीच्या ओळीत ० ते ६ च्या रकान्यात मोजलेली मुले आज शाळेतून बाहेर पडली आहेत किंवा पडण्याच्या बेतात आहेत. प्राथमिक शाळेच्या पटावरचे एकही मूल त्या पुस्तकात नाही. हे केवळ प्रकल्पवहीपुरते नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात लाभार्थ्यांची मर्यादा ठरवताना ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत ती प्रमाण मानायची, असे कलम आहे. त्यामुळे महाराष्ट्राची मर्यादा २०११ च्या जनगणनेच्या आधारे सुमारे ७ कोटींवर खिळून आहे. नवीन लग्न झालेले जोडपे आणि त्यांची मुले शिधापत्रिकेवर नाव चढवायला जातात तेव्हा 'इष्टांक संपला' हे जे उत्तर मिळते, त्याचे मूळ येथे आहे.

मधल्या काळासाठी लोक अंदाज बांधतात. देशाचे २०११ ते २०३६ चे अधिकृत प्रक्षेपण उपलब्ध आहे, पण ते राज्यापर्यंतच. मग कोणी जिल्ह्याचा जुना वाढीचा दर घेऊन गावाला लावतो. २००१ ते २०११ मध्ये राज्य १५.९९ टक्क्यांनी वाढले आणि हा जिल्हा २७.७६ टक्क्यांनी. ही जास्तीची वाढ बरीचशी शहर आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यातली. ती देवगाव रंगारीला लावली तर कागदावर गाव फुगेल. त्यापेक्षा गावाच्या २००१ आणि २०११ च्या दोन ओळी शोधून गावाचाच दर काढावा, शाळेच्या पटाशी आणि मतदारयादीशी पडताळावा, आणि अंदाजाला अंदाजच म्हणावे.

राहिला मुलांचा प्रश्न : रंगारी किती? रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. गावाच्या नावातून एक धागा सुचतो, पण नाव हा पुरावा नव्हे. पुस्तिकेत हा शब्द गावाच्या नावात येतो, रकान्यात कोठे येत नाही. जातवार कोष्टके सविस्तर छापली गेली ती शेवटची १९३१ मध्ये. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि ती कोष्टके त्या संस्थानाच्या खंडात शोधावी लागतात, तीही जिल्ह्यापर्यंतच. १९५१ पासून गावाच्या ओळीत अनुसूचित जाती आणि जमाती एवढेच. धंद्याच्या अंगाने शोधावे तर 'घरगुती उद्योग' असा एकच रकाना आहे. त्यात कापड रंगवणारा, मडकी घडवणारा आणि टोपल्या विणणारा असे सगळे एकत्र असतात.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढच्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे उत्तर मिळेल? इतके सरळ नाही. रंग देणाऱ्यांत रंगारी आहेत, भावसार आहेत, निळारी आहेत, मुसलमानांत रंगरेज आहेत. एकच माणूस आडनाव रंगारी सांगेल, जात दुसरी आणि धंदा किराणा दुकानाचा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितले तसे लिहून घेतले. २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार महाराष्ट्रातल्या ४९४ सूचिबद्ध जातींच्या जागी सुमारे ४ लाख २८ हजार नावे जमा झाली. आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. पर्यायांची यादी आधी नीट केली नाही तर मोजणी करूनही बेरीज करता येत नाही, हे वर्गीकरण शिकवणाऱ्या कोणत्याही जीवशास्त्राच्या शिक्षकाला सांगायला नको. मुलांना तूर्त सांगावे की, हा प्रश्न ग्रंथात सुटणार नाही; गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुनी दस्तऐवज-दप्तरे पाहा, रंगाच्या भट्ट्या कोठे होत्या असे कोणाला आठवते का ते लिहून आणा.

शेवटी, या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीकडून काही अपेक्षा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांवर जी अशैक्षणिक कामे ठेवली त्यांत दशवार्षिक जनगणना आहे. उन्हातान्हात एकेका घराची कुंडी वाजवणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्या कष्टाचे फळ छापील रूपात येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघराची माहिती गुप्त ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. प्रगणकाने भरलेल्या नोंदी स्वतःकडे ठेवू नयेत. गावाची बेरीज मात्र उघड असते. ती एका पानावर, मराठीत, गावाच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत पाठवायला फारसा खर्च येणार नाही. त्या पानावर साक्षरतेचा दर काढून द्यावा, छेद कोणता ते लिहावे, मागच्या दोन जनगणनांचे आकडे शेजारी ठेवावेत आणि मध्ये हद्द बदलली असेल तर तसे नमूद करावे. वाडी आणि तांडा यांच्या ओळी मूळ गावाखाली वेगळ्या छापाव्यात; प्रगणकांचे गट पाडताना वस्त्यांची नोंद होतेच, तेव्हा बेरीज वेगळी ठेवणे अवघड नाही. आणि मोजणी फेब्रुवारीतच होणार असेल तर बंद घरांची संख्या गावाच्या ओळीत द्यावी, म्हणजे टोळीबरोबर फडात गेलेल्यांची निदान खूण तरी राहील.